गेनूआबाच्या मागं बावीस वरसं

बसा पाव्हनं, ह्या पोत्यावर ऐसपैस बसा. गेनूआबा शाहिराचं नाव काढलंत न्हवं, मग आता घटकाभर उटायचं नाव काढू नगा. एक गोष्ट सांगतो तुमाला. शाहीर हाय तीत, गानं हाय, जत्रा हाय, आन एक गाढव हाय. गाढव म्हंजे मी. बाजा जावीर, हिंगनवाडीचा. तवा हसू आलं तर तोंडावर हात ठिवू नगा. गाव इस वरसं हसतंय, तुमी कशाला मागं ऱ्हाताय.

आबांना जाऊन धा दिस झालं व्हतं, धावा व्हता त्या दिशी. वड्याच्या वाळूत पिंड ठिवलेला, आन वर बाभळीवर तीन कावळं. तीन! पन एक बी खाली यीना. सारं गाव टाचा वर करून बगतंय.

"काय तरी इच्छा ऱ्हायलीय," भगवान टेलर म्हनला. भगवान आबांच्या फडात तुनतुनं वाजवायचा.

मी म्होरं झालो. हात जोडलं आन वरडलो, "आबा, तुमची सभा घेतो! भरल्या जत्रंत घेतो!"

कावळा हालंना.

"वेशीत कमान बांधू!" दिनकर मास्तर म्हनलं. मास्तर म्हंजे आमच्या शाहीर गेणू ऐवळे चाहता मंडळाचं अध्यक्ष. बोलनं एकदम छापील. "भव्य प्रवेशद्वार! शिवाय अर्धपुतळा!"

एका कावळ्यानं पंखाखाली खाजवलं.

"अर्धा कशाला म्हनताय," भगवान कुजबुजला, "अख्खा म्हना की. अर्ध्यानं रागावलं आसत्याल."

"अख्खा!" मास्तर वरडलं.

तेवढ्यात मागनं कुनीतरी माजा सदरा वढला. "बाजा, त्यो बग कोन आलाय."

बगतो तर म्हंकाळ लोंढे. पळसखेलचा म्हंकाळतात्या. धोतर खोचल्यालं, काखंत फडक्यात गुंडाळल्याला डफ, वड्याची उतरन संबाळून उतरतोय.

आता तुमी शेरातलं, तुमाला सांगाय पायजे. कलगीवालं आन तुरेवालं आसं दोन फड आसत्यात. कलगीवालं म्हनत्यात आदिमाया मोठी, तुरेवालं म्हनत्यात शिव मोठा. ज्येच्या त्येच्या डफाला ज्येची त्येची खूण बांदल्याली, कलगी न्हाईतर तुरा. जत्रंत दोन फड समोरासमोर बसत्यात. एकानं गान्यात सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गान्यातच जबाब द्यायचा. ह्येला बारी म्हनायचं. आमचं आबा कलगीचं, म्हंकाळ तुऱ्याचा. तीस वरसं दोघं एकमेकाच्या समोर. आन मी? मी झिलकरी. म्हंजे शाहिरानं म्होरं गायचं, आन आपन मागं हुभं ऱ्हाऊन ओळीचं शेपूट धरून 'जी जी रं जी' वढायचं. डावा हात कानावर, तोंड आभाळाकडं. बावीस वरसं आबांच्या मागं हुभा ऱ्हायलो. आवाज आसला, की तिसऱ्या वाडीत म्हस दूध चोरायची.

तर म्हंकाळ आलेला बगून माजं डोस्कं फिरलं. मी वाटंत आडवा झालो.

"कुनीकडं?"

"तानूबाईस्नी भेटतो आन जातो."

"कशाला?"

"काम हाय वाईच."

"तुजं काय काम हितं? तीस वरसं आमच्या आबाला भरल्या मैदानात घालून पाडून बोललास!"

वयानं बापासारका मानूस, आन मी त्येला अरंतुरं केलं. त्येनं मान तिरकी करून माज्याकडं बगितलं. "ती बारी व्हती, बाजा. बारीत बोलावंच लागतं."

"बारी संपली. हितं कावळा शिवंना, तुज्यापाई शिवंना! चल, माघारी फिर."

म्हंकाळनं काखंतला डफ या काखंतनं त्या काखंत घेतला. "बरं," म्हनला. "मग कवातरी यीन." आन आला तसा चढनीला लागला.

मी छाती फुगवून कावळ्यांकडं बगितलं. आता तरी खाली येत्याल. तर तिन्ही उडून पल्याडच्या लिंबावर जाऊन बसलं. उनं वर आल्यावर दर्भाचा कावळा केला, आन घरला आलो.

वाटंत तानूकाकी, म्हंजे आबांची बायकू, माज्या बाजूनं चालत व्हती. बारकी, काळीसावळी, कपाळाला मोठ्ठं गोंदन. चाळीस वरसं आबांचा संसार तिनंच वढला. आबांचं काय, सुगी झाली की डफ घेऊन ह्या जत्रंतनं त्या जत्रंत.

"म्हंकाळ आलं व्हतं न्हवं?" काकी म्हनली.

"हाकलला त्येला, काकी."

तिनं नुसतं "आसं" म्हनलं. मग जरा चालून म्हनली, "बाजा, त्ये 'सांग तुरेवाल्या' गानं येतंय का रं तुला?"

"म्हंजे काय! तीन साल गायलो की त्ये आमी!"

"मी कवाच ऐकलं न्हाई. जत्रंच्या दिशी घरात पाव्हनं, दारात म्हसरं, मी कुटली जातीया. त्ये गोट्यात धार काडताना गुनगुनायचं. मी म्हनायची, पुरतं म्हना की. तर म्हनायचं, ह्यात तुजं काय तरी हाय, जत्रंत यिऊन ऐक. म्हनलं, जाईन फुडल्या साली. मग त्याच्या फुडल्या साली..." तिनं पदरानं नाक पुसलं. "एकडाव ऐकायचं व्हतं. काय व्हतं माजं त्यात, त्येवढं कळलं असतं."

"काकी, त्यात काय येवढं! सभंत म्हनतो. तुमाला म्होरं बसवून, पैल्यापासनं शेवटापतुर."

"सगळं येतंय?"

"काकी! बावीस वरसं!"

"शपत?"

"आबांची शपत!"

आता बगा, आबांना लिवता वाचता येत नव्हतं. नांगरामागं चालता चालता कवन जुळवायचं आन डोस्क्यात ठिवायचं. कागदाचा चिटूर बी न्हाई. म्हंजे गानं एक तर आमच्यापाशी, न्हाईतर कुटंच न्हाई.

सभंच्या आदी चार दिस आमी भैरोबाच्या देवळात तालमीला बसलो. दुपारची येळ. मी, भगवान, आन ऐकायला मास्तर. भगवाननं तुनतुनं लावलं, मी कानावर हात ठिवला आन ध्रुपद सोडलं:

सांग तुरेवाल्या, थोर कोन ते, इचार करून बोल,
दिव्यामदी ती वात कुनाची, कुनाच्या नावाचा ढोल?

जी जी रं जी! देवळातली कबुतरं उडाली. मास्तरांच्या डोळ्यात पानी.

"वा! पुढं," मास्तर म्हनलं.

मी भगवानकडं बगितलं. भगवाननं माज्याकडं बगितलं.

"म्हन की," त्यो म्हनला.

"तू म्हन."

"मी तुनतुनं वाजवतोय."

"मग मी काय करतोय?"

"तू झील धरतोस."

"आरं पन कुनाच्या मागं धरू?"

तुनतुनं बंद पडलं. पाव्हनं, आमच्या तवा ध्येनात आलं. बावीस वरसं आमी फकस्त शेपूट धरल्यालं. ध्रुपद पाठ, कारन ती सगळी मिळून म्हनायची. आन कडव्यातला शेवटचा सबुद पाठ, कारन त्येच्यावर जी जी वढायचं. मदलं समदं आबांचं. त्ये आमच्या म्होरनं गेलं, आन आमी पाठमोऱ्या आबांच्या फेट्याकडं बगत ऱ्हायलो.

"शेवटचे शब्द तरी सांगा," मास्तर वही काडून म्हनलं.

"पैल्या कडव्याला 'पीठ' व्हतं," मी म्हनलं. "पक्कं. पीऽऽठ, जी जी."

"दुसऱ्याला 'थाट'," भगवान म्हनला.

मास्तरांनी लिवून घेतलं. मग चष्मा वर करून म्हनलं, "आदिमायेच्या गाण्यात पीठ कुठून आलं?"

"गिरनीचं गानं आसंल," भगवान म्हनला.

"शिव मोठा की शक्ती मोठी, ह्या सवालात गिरणी?"

"मग तुमी सांगा की, तुमी शिकल्यालं."

तेवढ्यात भगवानला आटवलं, की त्येच्यापाशी फीत हाय. मागल्या जत्रंत टेप घेऊन त्यो म्होरं बसला व्हता. पळत जाऊन घेऊन आला. लावला टेप. आदी एक शिट्टी. मग दुसरी शिट्टी. मग "आबा, जितलं!" मग माजा आवाज, जी जी रं जी, आसा की टेपचा डबा थरथरला. मग हिरीच्या तळातनं आल्यागत लांबनं आबा, दोन सबुद, आन लगीच कुनीतरी "वा रं माज्या ढान्या वाघा!" करून बोंबललं. परत आबा, परत बोंब. अख्खी फीत अशी. आबांचं एक कडवं सापडंल तर शपत.

"हा कोण मूर्ख मधेच ओरडतोय?" मास्तर तापलं.

भगवाननं टेप बंद केला. "मास्तर, तुमीच हाय की."

मास्तर लई येळ चष्मा पुसत ऱ्हायलं. मग म्हनलं, "आपण प्रामाणिकपणे सांगून टाकू. येत नाही."

"शपत घातलीया मी, मास्तर. आबांची."

"मग?"

"मग काय, शेपूट हाय, त्येला म्हस जोडायची. मी जुळवतो मदलं."

"तू?"

"बावीस वरसं शाहिराच्या मागं काडल्याती, येवढं लागलं न्हाई व्हय अंगाला?"

मास्तरांनी इकडं तिकडं बगितलं. मग हळू आवाजात म्हनलं, "तसंही कुणाला कळणार आहे? गाणं तर कुणालाच येत नाही."

सभा झाली. भैरोबाच्या जत्रंत, दुपारी चारला, ह्यो मोठा मांडव. मदी आबांचा फोटू, हार घालून. फोटूत आबांच्या खांद्यावर एक पंजा दिसत व्हता. त्यो माजा. आबांचा एकला फोटूच नव्हता कुनापाशी. जित्या मानसाला कवा एकलं सोडलंय आमी? फोटूवाल्यानं लई खटपट केली, पंजा निघंना. शेवटी त्येच्यावर झेंडूचं फूल चिकटवलं.

मग भाषनं. अकरा जन बोललं. "आबा आमच्या घरी जेवलं, तवा माज्या मटनाला काय म्हनलं." "आबा माज्या गाडीत बसलं, तवा गाडी नवीच व्हती." मास्तर आबांवर बोलायला हुभं ऱ्हायलं आन स्वताच्या बदलीवर यिऊन बसलं. मी टाळ्या वाजवत व्हतो, आन मनातल्या मनात माजं कडवं घोळवत व्हतो. खोटं कशाला बोलू, मला त्ये आवडलं बी व्हतं.

तानूकाकी सगळ्यात म्होरं, सतरंजीवर. डोईवर पदर, हनवटीखाली हात. माजं नाव पुकारलं तवा ती सरकून आनी म्होरं आली.

ध्रुपद झालं. मांडव डोलला. आन मी डोळं मिटून सोडलं:

चंद्रावानी मुखडा गोरा, चाल तुजी गं नीट,
गिरनीवरनं आनलं दळून जोंधळ्याचं पीठ!

जी जी रं जी! आन पाव्हनं, गावानं टाळ्या मारल्या! शिट्ट्या! एक जन "आबा जितं हायती!" म्हनून रडला. मला वाटलं, आरं तिच्यायला, आपन उगंच झिलकरी म्हनून जल्म घालवला.

तवर काकी उटून हुभी ऱ्हायली.

"बाजा."

मी थांबलो.

"मी गोरी कवा व्हते रं?"

मांडव फुटला. बाया पदर तोंडात घालून हसाय लागल्या. काकी न्हाई हसली.

"ह्ये त्येंचं न्हवं," ती म्हनली.

"काकी, आबाच आसं म्हनायचं..."

"चाळीस वरसं नांदली मी. त्या मानसानं मला चंद्र म्हनलं असतं, तर मी त्येंना दवाखान्यात नेलं असतं."

परत हशा. मग हळूहळू सगळं गप झालं, कारन तिचा आवाज कापत व्हता.

"येत न्हाई तुला. येत न्हाई म्हनून सांगायचं. बावीस वरसं मागं हुभा व्हतास, काय ऐकत व्हतास?"

खरं सांगतो, इचार करून बोलायला सवडच घावली न्हाई. तोंडातनं निघून गेलं, "टाळ्या, काकी."

तिनं मान हलवली, जसं काय येवढंच इचारायचं व्हतं. चपला हुडकत हुडकत म्हनली, "तुमची सगळ्यांची टाळ्यांत गेली वरसं. म्हंकाळनं ऐकलं आसंल. त्येंना जबाब द्यावा लागायचा." आन एकलीच घरला गेली.

दुसऱ्या दिशी सकाळी मी सायकल काडली. पळसखेल चौदा मैल. जाताना वाटंत जे कोन भेटंल त्यो, "काय बाजा, दळान घेऊन चाललास व्हय?"

म्हंकाळतात्या दारात बसून दोरी वळत व्हता. मला बगून उटला न्हाई.

"या जावीर. कावळा शिवला का?"

"न्हाई, तात्या. दर्भाचा केला."

"च्या घेनार?"

मी खाली बसलो आन सगळं सांगितलं. फीत, गिरनी, चंद्र, समदं. चंद्रापतुर त्यो गप व्हता. पिठाला आल्यावर त्येच्या हातातनं दोरी सुटली. म्हातारा भितीला टेकून आसा हसला, आसा हसला, की सुनंनं आतनं वाकून बगितलं. "जोंधळ्याचं पीठ! आरं गेनू, आरं ऐक ह्यो काय म्हनतोय!" मग त्येचं त्येलाच कळलं कुनाला हाक मारली ती, आन त्यो डोळं पुसत ऱ्हायला.

"तात्या, तुमाला येतंय का गानं?"

"पैल्या बारीलाच पाठ झालं. समोरच्याचा सवाल आदी पुरता गिळावा लागतो, बाजा. एक सबुद सांडला तरी जबाब फसतो. तुमचं काय, तुमाला निस्तं जितायचं आसतं."

"मग तुमी जबाब काय दिलात?"

"तू व्हतास की तितं. सांग काय दिला."

मी आटवाय लागलो. शेवटचं कडवं आलं, आमी आबांना खांद्यावर घेतलं, गुलाल उडाला, हलगी कडाडली... त्येच्या फुडं काय बी न्हाई.

"दिलाच न्हाई," तात्या म्हनला. "हात जोडलं मी, भर मैदानात. गेनूनं वरनं बगितलं, मान डोलवली. तुमी त्येला नाचवत व्हता, तुमाला कुटनं दिसनार. फुडं दोन साल मी जबाब धुंडला. गावला न्हाई." त्येनं दोरी परत हातात घेतली. "आमच्या वस्तादाचा नेम व्हता. ज्येचा सवाल आपल्यानं सुटला न्हाई आन त्यो मानूस गेला, तर त्येच्या दारात जायाचं. आपल्या डफाचा तुरा सोडून उंबऱ्यावर ठिवायचा, आन त्येचा सवाल त्येच्या घरच्या मानसांस्नी पुरता म्हनून दावायचा. म्हनून आलो व्हतो धाव्याला."

मला धा जनांनी थोबाडलं असतं तर बरं वाटलं असतं. म्हातारा निस्ता बशीत च्या वतत व्हता.

आन बगा मानसाची खोड. येवढं सगळं ऐकून माज्या तोंडातनं काय निघावं? "म्हंजे तात्या, आमी जितलो!"

त्येनं बशी खाली ठिवली. "तुमी न्हाई. गेनू."

त्येला सायकलच्या मागं बसवून आनला. मांडीवर डफ. चढाला म्हनायचा, "उतरू का?" मी म्हनायचो, "बसा."

काकी अंगनात डाळ पाखडत व्हती. म्हंकाळला बगून सूप खाली ठिवलं, पदर सारका केला.

"या. धाव्यालाच याल वाटलं व्हतं."

तात्यानं माज्याकडं बगितलं. मी पायाच्या आंगट्याकडं बगितलं.

"यायचं व्हतं," तात्या म्हनला. "वाईच अडचन झाली."

येवढंच. माजं नाव घेतलं न्हाई. मग त्येनं फडकं सोडलं. डफाला तुरा, तीस वरसं बांदल्याला, गाठ दगडासारकी झाल्याली. बोटानं सुटंना, तवा दातानं सोडली. तुरा उंबऱ्यावर ठिवला, मागं सरला, आन हुभा ऱ्हाऊन गायला:

पहाटं उठून जात्यावरती कोन आदी गं गाई,
मी वाकळंत चोरून ऐकी, डोळा उगडत न्हाई.
दान्यासंगं सबुद सांडलं, येचून घेतलं नीट,
डफावरती थाप माजी, पर तिच्या जात्याचं पीठ.

'पीठ' म्हनल्याबरुबर माजा हात आपोआप कानावर गेला. तोंड उगडलं. तात्या थांबला आन माज्याकडं बगितलं. मी उपरन्याचं टोक धरलं आन तोंडात कोंबलं. चांगलं चार बोटं आत.

काकी डाळीकडं बगत व्हती. "ऐकत व्हतं व्हय त्ये," ती हळू म्हनली. "मला वाटायचं, झोपल्याती."

तात्यानं डफावर निस्ती बोटं फिरवली. आता शेवटचं कडवं. शेवटच्या कडव्यात शाहीर आपलं नाव घालतो, त्येला छाप म्हनत्यात. गानं कुनाचं त्ये तितं कळतं. आन आमी तीन साल नेमकं तितंच आबांना उचललं व्हतं.

धा गावाचा शाईर म्हनती, डोई बांधती फेटा,
घरी यिऊनी बगा म्हनावं, कोन धाकटा मोठा.
गेनूचं नाव घालू कसं मी, गेनू निस्ता भाट,
तानू म्हने, अन् गेनू गातो, येवढाच माजा थाट.

डफ थांबला. मी उपरनं चावत बसलो व्हतो. गोट्यात म्हशीनं कान झाडलं, त्येचा आवाज आला.

काकीनं सूप उचललं. परत खाली ठिवलं.

"चोरटा," ती म्हनली. "चाळीस वरसं पीठ माजं, आन फेटं ह्येंनी बांदून घेतलं." आन हसाय लागली. हसता हसता पदर डोळ्याला गेला, आन पदराआड कितीतरी येळ तिचं खांदं हालत ऱ्हायलं. मग आतनंच म्हनली, "परत म्हना, दाजी."

त्येनं परत म्हनलं. मग आनी एकडाव. तिसऱ्या डावाला काकी त्येच्यासंगं म्हनाय लागली, जात्यावर म्हनत्यात तसं, खालच्या पट्टीत, सावकाश. मी गप बसून ऐकलं. जल्मात पैल्यांदा. तवा मला त्ये पाठ झालं, कारन तोंडात उपरनं व्हतं.

म्हंकाळतात्या फुडल्या सालीच गेला. काकीला जाऊन बी आता सात वरसं झाली. मास्तरांची कमान काय झाली न्हाई, पुतळा तर अर्धा बी न्हाई. गानं तेवढं हाय, माज्यापाशी.

आता म्हनतो बगा तुमच्या म्होरं. आवाज फाटलाय माजा, त्येचं सोडा. पन पाव्हनं, एक इनंती हाय. दोनी हात मांडीखाली दाबून बसा. मदी वा म्हनू नगा, टाळी मारू नगा, मान सुदिक हलवू नगा. तानूचं नाव यीपतुर येवढं गप ऱ्हावा.